मोहल्ल्यातला मतदार काय विचारतो

महाराष्ट्रातल्या २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, तेव्हा अनेक शहरांत कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, छत्रपती संभाजीनगरची तर २०२० मध्येच. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, प्रभागरचना पुन्हा पुन्हा बदलली, निवडणूक लांबत राहिली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. या काळाची झळ सगळ्यांना सारखी बसली नाही. मोठ्या सोसायटीचा सचिव वॉर्ड ऑफिसला पत्र लिहितो, अधिकाऱ्याला फोन करतो, अगदीच गरज पडली तर टँकर विकत घेतो. गोवंडी, मुंब्रा, भिवंडी किंवा मालेगावच्या दाट वस्तीत मात्र नळ कोरडा पडला, गटार तुंबले, शाळेत प्रवेशासाठी रहिवासी दाखला लागला, की हक्काने ज्याचे दार ठोठावावे असा एकच माणूस असतो. तो नगरसेवक. तेच दार बंद झाले तेव्हा घरातल्या बाईचा दिवस किती लांबला, याचा हिशेब कुठल्याही प्रशासकीय अहवालात सापडत नाही.

निवडणुका झाल्यावर चर्चा मात्र वेगळ्याच गोष्टींची होते. किती मुस्लिम निवडून आले, कोणत्या पक्षाचे, कोणी कोणाची मते खाल्ली, हाच हिशेब आठवडाभर चालतो. नव्या मुस्लिम लोकप्रतिनिधीची ओळख त्याच्या धर्मापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. तो कशावर निवडून आला, त्याच्या घरातून कोण राजकारणात आहे, त्याच्या प्रभागात पाणी किती वाजता येते, शाळा कितवीपर्यंत आहे, हे विचारायचे राहून जाते. या प्रतिनिधींना समजून घ्यायचे तर सुरुवात घरापासून, चुलीपासून आणि नळापासून करायला हवी. धर्माचा भाग त्यात आहेच, पण आपण समजतो तितका मोठा तो नाही.

स्थानिक राजकारणाला मुस्लिम समाजात इतके वजन का, याचे उत्तर विधानसभा आणि लोकसभेच्या आकड्यांत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत मुस्लिम सुमारे साडेअकरा टक्के आहेत. २८८ जणांच्या विधानसभेत त्या प्रमाणात ३३ आमदार असायला हवे होते. २०२४ मध्ये १० निवडून आले. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत राज्यातल्या ४८ जागांवर दोन्ही मोठ्या आघाड्यांपैकी एकीनेही मुस्लिम उमेदवार दिला नाही, आणि राज्यातून एकही मुस्लिम खासदार गेला नाही. प्रतिनिधित्व लोकसंख्येच्या प्रमाणातच असावे असा लोकशाहीचा नियम नाही, हे खरे. पण ज्या समाजाला उमेदवारीच मिळत नाही, त्याच्यासाठी वरचे दोन्ही मजले जवळजवळ बंद असतात. मग राजकारणात उरतो तो तळमजला: ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका. तिथला नगरसेवक हाच त्या घरांना प्रत्यक्ष दिसणारा सरकारचा चेहरा. त्यामुळे त्याच्याकडून अपेक्षाही इतरांपेक्षा जास्त, आणि त्याच्यावर रागही जास्त.

आता मालेगाव पाहा. मोसम नदीने दुभंगलेल्या या यंत्रमागाच्या शहरात मुस्लिम बहुसंख्य आहेत, आणि मालेगाव मध्य या मतदारसंघात लढणारे प्रमुख उमेदवार सगळे मुस्लिमच असतात. समाजवादी चळवळीतले निहाल अहमद यांनी इथून अनेक वर्षे विधानसभा गाजवली. १९९९ मध्ये त्यांना काँग्रेसच्या रशीद शेख यांनी हरवले. पुढे मौलाना मुफ्ती इस्माईल आले, मग रशीद शेख यांचे चिरंजीव आसिफ शेख, मग पुन्हा मुफ्ती. २०२४ मध्ये मुफ्ती इस्माईल एमआयएमकडून अवघ्या १६२ मतांनी जिंकले. हरले ते आसिफ शेख, आणि त्याच लढतीत निहाल अहमद यांची कन्या शान-ए-हिंद समाजवादी पक्षाकडून उभ्या होत्या. जिथे सगळेच मुस्लिम, तिथे ‘मुस्लिम मत’ हा शब्द काहीच उलगडत नाही. मग मतदार निवड कशावर करतो? रस्ता, पाण्याची पाळी, मागाचे वीजबिल, पोलीस ठाण्यात मध्यरात्री कोण धावून येते, कोणत्या घराण्याशी आपल्या घराची सोयरीक किंवा जुने वैर आहे, यावर. २०१७ मध्ये रशीद शेख महापौर झाले ते शिवसेनेच्या साथीने. राज्यात काँग्रेस आणि शिवसेना एकत्र आल्या, त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट; तेव्हा ते कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मुंबईत बसून ज्यांना ही युती अशक्य वाटली असती, त्यांनी मालेगावच्या गल्लीत बारा तासांची पाळी करून घरी आलेला कामगार महापालिकेकडून काय मागतो, हे पाहिले नव्हते.

दुसरे टोक कागल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या मतदारसंघात मुस्लिम मतदार अगदी थोडे, पण हसन मुश्रीफ १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग सहा वेळा तिथून आमदार झाले. मंडलिक, घाटगे आणि मुश्रीफ अशा गटांत कागलचे राजकारण वाटले गेलेले आहे आणि तिथला मतदार आधी गटाचा असतो. मुश्रीफांनी पक्षाच्या फुटीत बाजू घेतली, त्यांच्यामागे चौकशा लागल्या, त्यांच्यावर टीका करायला मुद्दे पुष्कळ आहेत. तरीही लोक त्यांना ओळखतात ते प्रामुख्याने रुग्णांसाठी धावपळ करणारा नेता म्हणून: घरातल्या माणसाचे ऑपरेशन अडले की कोणाकडे जायचे हे तालुक्याला माहीत असते. सिल्लोडमध्ये अब्दुल सत्तार २००९ पासून निवडून येतात, तिथेही मुस्लिम बहुसंख्य नाहीत. याआधीचा सर्वांत मोठा दाखला अर्थातच बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचा. कोकणातल्या आंबेत गावचा हा मराठी मुसलमान १९८० मध्ये मुख्यमंत्री झाला. त्यांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द वादातच संपली. पण त्यांच्या काळात सुरू झालेली संजय गांधी निराधार योजना आजही विधवा, परित्यक्ता, अपंग आणि निराधार वृद्धांच्या घरी दरमहा पैसे पोचवते. त्या पैशांवर औषध आणणाऱ्या म्हातारीला योजना कोणी आणली हे ठाऊक असेल-नसेल. ते पैसे तिच्या घरापर्यंत पोचतात, हे तिला नेमके ठाऊक असते.

यावर लगेच आक्षेप येईल की मालेगाव आणि कागल ही दोन टोके आहेत, आणि महाराष्ट्रातले बहुतेक राजकारण मधल्या मिश्र शहरांत होते, जिथे धर्मावर मतविभागणी होतेच. हा आक्षेप खोटा नाही. अकोला पश्चिममध्ये २०२४ ला काँग्रेसचे साजिद खान पठाण सुमारे तेराशे मतांनी निवडून आले. अशा चुरशीत दोन्ही बाजूंनी धर्माची हाक दिली जाते, आणि ती ऐकलीही जाते. दंगल झालेल्या शहरात भीती हा खराखुरा अनुभव असतो, त्याला कोणी कल्पना म्हणू नये. पण भीतीवर मिळालेले मत किती टिकते, हे नांदेडने दाखवले. २०१२ मध्ये एमआयएमने महाराष्ट्रात पहिल्यांदा मोठे पाऊल टाकले ते याच शहरात, ११ नगरसेवक निवडून आणून. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच महापालिकेत काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा जिंकल्या आणि एमआयएमच्या हाती एकही लागली नाही. यामागे अशोक चव्हाणांची ताकद होती, भाजपला रोखण्याची इच्छाही होती. तरीही ज्या मोहल्ल्यांनी ११ जणांना भावनेने निवडले होते, त्यांनीच त्यांना परत पाठवले, एवढे उरतेच. मुस्लिम मतदार एकगठ्ठा असतो ही समजूत ज्यांनी वर्षानुवर्षे बाळगली, त्यांनी नांदेडचे हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. ओळखीच्या जोरावर माणूस एकदा सभागृहात जातो. दुसऱ्यांदा जाताना त्याला गटाराचा हिशेब द्यावा लागतो.

निवडून येण्याआधीच घर राजकारणात कसे शिरते, हे आपल्याकडच्या दोन नियमांतून स्पष्ट दिसते. पहिला जातीच्या दाखल्याचा. १९९० च्या दशकात जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्याबरोबर अभिनेते दिलीपकुमार यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. विणकर, बागवान, पिंजारी, तांबोळी, खाटीक, अत्तार, मुलाणी अशा कष्टकरी मुस्लिम जातींना इतर मागासवर्गीयांच्या सवलती मिळाव्यात, हा तिचा आग्रह होता. त्यातून स्थानिक संस्थांच्या ओबीसी जागा या घरांना खुल्या झाल्या. वाट मात्र कागदपत्रांच्या पेटीतून जाते. जात वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात अनेकदा नुसते ‘मुसलमान’ असे लिहिलेले असते. मग कोणत्या चुलत्याच्या नोंदीत ‘मोमीन’ आहे, कोणत्या आत्याच्या जन्मनोंदीत ‘पिंजारी’ आहे, याची शोधाशोध सुरू होते. निवडून आल्यावर वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही, तर पद जाते. एखाद्या घराने जुने कागद जपले की नाही, यावर प्रभागाचा प्रतिनिधी ठरतो, ही गोष्ट निकालाच्या बातम्यांत कधीच येत नाही.

दुसरा नियम मुलांच्या संख्येचा. १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्यांना तिसरे अपत्य झाले, ते महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीची निवडणूक लढवू शकत नाहीत. आमदार आणि खासदारांना ही अट नाही. हरियाणातल्या अशाच नियमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा मांडला गेला होता. २००३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि नियम कायम ठेवला. न्यायालयाच्या निकालाचा मान राखूनही, नियमातला अन्याय बोलून दाखवायलाच हवा. जिच्या हाती मुलांची संख्या ठरवण्याचा अधिकार अनेकदा नसतोच, त्या बाईला त्याच संख्येवरून बाद केले जाते, आणि कायदे करणाऱ्या आमदाराला कोणी काही विचारत नाही. याचा परिणाम घरात कसा होतो, हेही समजण्यासारखे आहे. जागा महिलेसाठी राखीव झाली की उमेदवारी शोधताना आधी वयाचा हिशेब होतो: सासूची मुले २००१ पूर्वीची, म्हणून ती चालते, थोरल्या सुनेला तीन, ती बाद, धाकटीला दोन, तिचा विचार करू. मुस्लिम घरात मुले जास्त असतात म्हणून हा नियम त्यांनाच टोचतो, असे कोणी म्हणेल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे वेगळी दिशा दाखवतात. देशातल्या मुस्लिम स्त्रियांचा प्रजननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, २०१९-२१ मध्ये तो २.३६ वर आला. हिंदू स्त्रियांचा याच काळात ३.३ वरून १.९४ झाला. अंतर अजून आहे, पण ते झपाट्याने कमी होते आहे, आणि ते कमी करणाऱ्या बायकाच आज प्रभागांत उमेदवार म्हणून उभ्या राहत आहेत.

यापुढचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर: निवडून येते ती बाई, कारभार पाहतो नवरा, नाहीतर दीर, नाहीतर सासरा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के जागा आहेत, तेव्हापासून हे वाक्य प्रत्येक सोडतीनंतर ऐकू येते. मुस्लिम नगरसेविकांबद्दल ते जरा जास्तच ठामपणे बोलले जाते. यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मालेगावात रशीद शेख यांच्यानंतर त्यांच्या पत्नी ताहेरा शेख महापौर झाल्या. घराण्याच्या आधाराशिवाय हे घडले असते का, हा प्रश्न रास्त आहे. पण घराणे ही राजकारणातली शिडी एकट्या मुस्लिम घरांत नाही. महाराष्ट्राच्या कोणत्याही साखर कारखान्याच्या किंवा जिल्हा बँकेच्या संचालकांची यादी उघडावी. नवऱ्याच्या नावावर आलेली बाई पाच वर्षे तशीच राहते, हे गृहीतकही तपासायला हवे. राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या गावांचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवले की जिथे प्रमुखपद महिलेसाठी राखीव होते, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. अभ्यास महाराष्ट्राचा नाही आणि मुस्लिम समाजाचाही नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लागू करता येणार नाही. मात्र त्या स्त्रियांवरही ‘नवराच कारभार पाहतो’ हाच आरोप होता, आणि तरी खर्चाचा रोख बदलला होता. घरात पाणी भरणाऱ्या माणसाच्या हाती सही आली की ती सही कुठे पडते, हे बदलते.

कोल्हापुरात तर हा प्रश्न उघडपणे समोर आला. २०१५ च्या महापालिका निवडणुकीत मुस्लिम महिलांनी उमेदवारी करू नये, असा फतवा स्थानिक उलेमांच्या एका मंडळाने काढला. महिला तरीही उभ्या राहिल्या. त्याच सभागृहाच्या मुदतीत हसीना फरास कोल्हापूरच्या महापौर झाल्या. शाहू महाराजांच्या शहरात हे घडले याचा अभिमान बाळगावाच, पण श्रेय त्या उमेदवारांना आणि त्यांच्या घरच्यांनाही द्यायला हवे. फतवा निघाल्यावर मुलीला, सुनेला, बायकोला घरात न बसवणे, प्रचारफेरीला तिच्याबरोबर जाणे, नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, हे काम कुटुंबाने केले असले पाहिजे. कुटुंब म्हणजे केवळ स्त्रीला मागे ओढणारा दोर, असे मानणाऱ्यांना हे दृश्य अडचणीत टाकते. तेच कुटुंब भिंतही असते आणि आधारही, आणि मतदानाच्या दिवशी ते नेमके काय ठरते, हे घरोघरी वेगळे असते.

शेवटी एक आक्षेप आतून येतो, मुस्लिम सुधारकांकडून. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व यांवर बंदी घाला, अशी मागणी होती. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तेव्हापासून आजवर बहुतेक मुस्लिम लोकप्रतिनिधींनी या प्रश्नांवर मौन पाळले किंवा विरोध केला, ही सुधारकांची तक्रार खरी आहे, आणि ती बोचली पाहिजे. व्यक्तिगत कायदा बदलणे नगरसेवकाच्या हाती नाही, एवढे म्हणून कोणी सुटू शकत नाही. कारण २०१९ च्या कायद्याने तोंडी तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली खरी, पण त्या बाईचे पुढचे दिवस कसे जातात हे महापालिका आणि तहसील कार्यालयाच्या हद्दीत ठरते. तिचे नाव सासरच्या रेशनकार्डातून काढून वेगळे कार्ड करायचे असते. निराधार योजनेचा अर्ज भरायचा असतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. मुलाला पालिकेच्या उर्दू किंवा मराठी शाळेत घालायचे असते, मुलीची शाळा आठवीला संपत असेल तर पुढची शाळा किती लांब हे पाहायचे असते. भाड्याची खोली एकट्या बाईला कोण देणार, हा प्रश्न असतो. दलवाईंच्या मोर्चातल्या त्या सात जणींची मागणी विधिमंडळाकडे होती. आजच्या नगरसेविकेच्या घरी त्यांच्यासारख्याच बायका थेट आतल्या खोलीत येऊन बसतात आणि हीच कामे सांगतात. पुरुष नगरसेवकासमोर जे बोलायला त्यांची जीभ रेटत नाही, ते तिच्यासमोर बोलतात.

म्हणून नव्या सभागृहांत पाहण्यासारखी गोष्ट एक आहे. निवडून आलेल्या मुस्लिम नगरसेविकांना त्यांचे पक्ष कोणत्या समितीत पाठवतात? महिला व बालकल्याण समिती महत्त्वाची आहेच, पण पाण्याच्या वाहिनीचा, शाळेच्या वर्गखोल्यांचा आणि दवाखान्याच्या औषधांचा पैसा मंजूर होतो तो स्थायी समितीत.